टोपडं घातलेला प्रवासी

बर्गनहून अकोल्याला जायचं म्हणजे तीन विमानं, एक टॅक्सी आणि भरपूर निर्लज्जपणा लागतो. प्रत्येक विमानतळावर कोणीतरी तुमचा पट्टा काढायला लावतं, बूट काढायला लावतं आणि एका हाताने पँट सावरत उभ्या असलेल्या चाळिशीच्या इंजिनियरला विचारतं, ‘‘प्रवासाचं कारण?’’ नॉर्वेत बारा वर्षं काढली, तरी तिथल्या अधिकाऱ्याला मी परत का आलो याचा संशय येतो आणि मुंबईच्या अधिकाऱ्याला मी का आलो याचा.

यंदा कारण ठणठणीत होतं. माझी मुलगी रेवा दोन महिन्यांची झाली होती, तिचं बारसं ठरलं होतं आणि त्यासाठी आईला बर्गनला न्यायचं होतं. आई कधीच तिकडे आलेली नाही, आणि एकटी विमानात बसणार नाही म्हणाली. तिचा पासपोर्ट व्हिसासाठी गेला होता. तो ‘आज-उद्या’ येणार होता. माझ्या सासूबाई बाळंतपणासाठी आधीच तिकडे पोचल्या होत्या आणि त्यांचा व्हिसा चार दिवसांत आला होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. आमची तिकिटं काढलेली होती, आणि त्यांची तारीख बदलायची सोय नव्हती.

पहिल्या दोन विमानांत मला मधली सीट मिळाली. डावीकडचे गृहस्थ झोपेत माझ्या खांद्यावर कलंडत होते, उजवीकडच्या बाई दर अर्ध्या तासाने उठत होत्या. जेवण म्हणून जे आलं ते भाजी होतं की शिक्षा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुंबईहून अमरावतीचं विमान मात्र छोटं आणि घरगुती. उतरल्यावर पायरीवरच ऊन अंगावर आलं आणि बॅग माझ्याआधी बाहेर येऊन उभी होती. अकोल्यात धावपट्टी आहे, विमान तेवढं नाही, म्हणून आम्ही अकोलेकर अमरावतीत उतरतो आणि तिथल्या लोकांचे टोमणे ऐकतो.

बाहेर जब्बारभाई गाडी घेऊन आले होते. आमच्या जठारपेठेतल्या घराला गेली पंधरा वर्षं हीच गाडी लागते.

‘‘इतनाच सामान?’’ त्यांनी विचारलं.

‘‘येताना एवढंच असतं.’’

‘‘जाते वक्त देखना. काकू आधा अकोला भर के देतीं.’’

अमरावतीत गिला वडा (दह्यात बुडवलेला, वर तिखट चटणी घातलेला वडा) खाल्ल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, हा आमचा नियम. दोन प्लेट खाल्ल्यावर डोळ्यांतून पाणी आलं आणि विमानाचा शीण गेला. पुढे मूर्तिजापूरपर्यंत दोन्हीकडे काळी माती आणि फुटलेला कापूस. वरूडच्या संत्र्यांचा एक ट्रक आमच्यापुढे इतका रमतगमत चालला होता की जब्बारभाईंनी त्याच्या ड्रायव्हरच्या तीन पिढ्यांची चौकशी केली. मी मात्र खूश होतो. आठ दिवसांनी याच रस्त्याने आई माझ्या शेजारी बसून येणार होती.

आई दारातच उभी होती. पाणी द्यायच्या आधीच म्हणाली, ‘‘पासपोर्ट नाई आला, बाबू.’’

मग आठ दिवस मी जेवलो, झोपलो आणि फोन केले. ‘आपला अर्ज प्रक्रियेत आहे,’ असं एक बाई गोड आवाजात सांगायची. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती बाई नाही, यंत्र आहे. मी यंत्रावर ओरडलो. त्याने मला धन्यवाद दिले.

‘‘ईनबाईले (विहीणबाईंना) भेटला अन् मले नाई. कावून (का बरं)?’’ आई विचारायची. रात्री ती नव्या लुगड्याची घडी पुन्हा कपाटात ठेवताना दिसली, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. बारा वर्षांत तिला एकदा तरी तिकडे न्यायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. आमच्याकडे बारशाला वरवंट्याला टोपडं-झबलं घालून बाळासारखं नटवतात. मग पाळण्याच्या दोन बाजूंच्या बायका ‘कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या’ म्हणत त्याला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींकडे देतात. बाळ दगडासारखं धट्टंकट्टं व्हावं म्हणून. या वरवंट्याने माझं बारसं पाहिलं आहे, माझ्या वडिलांचंही.

‘‘मी नाई तं हा जाईन,’’ आई म्हणाली.

‘‘अगं, रेवा मुलगी आहे. गोविंद-गोपाळ कसं?’’

‘‘वरवंट्याले काय समजते पोरगं का पोरगी?’’

मापाला म्हणून तिने त्याला नवं टोपडंही घालून पाहिलं. ते इतकं नेमकं बसलं की तिने काढलंच नाही. ‘‘हातात ने. विमानाच्या पोटात टाकू नको. लेकराचं काम हाय,’’ तिने बजावलं.

बारा वर्षं विमानाने फिरणाऱ्या माणसाला हातातल्या पिशवीत दगड चालत नाही हे कळायला हवं. मला कळत होतं. पण नव्या लुगड्याची ती घडी डोळ्यांसमोर होती, म्हणून मी मान डोलावली.

अमरावतीच्या विमानतळावर आई सोडायला आली आणि काचेबाहेर उभी राहिली. आत तपासणीच्या यंत्रात माझी पिशवी गेली आणि पट्टा थांबला. जवानाने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

‘‘काय हाय यात?’’

‘‘वरवंटा.’’

‘‘ते दिसून राहिलं मले. उघडा.’’

मी चेन उघडली. आतून गुलाबी टोपडं घातलेला काळा दगड बाहेर आला. मागच्या रांगेतल्या एका आजीबाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई, बारसं!’’ आणि सगळी रांग हसायला लागली. जवानही हसला. तो वरूडचा निघाला. त्याने वरवंटा दोन्ही हातांनी, मानेखाली हात देऊन धरला. दगडाला मान नसते हे त्याला कोणी सांगितलं नाही.

‘‘आमच्या घरीबी हाय असाच. पन हातात नाई नेता येत, भाऊ. उद्या कोनाच्या डोक्यात बसला तं नोकरी माही जाईन.’’

‘‘आईने पोटात टाकू नको सांगितलंय.’’

‘‘माय बाहेर हाय ना? मंग तिले सांगू नका.’’

त्याने मला परत काउंटरवर पाठवलं. तिथल्या मुलीने पिशवीला चिठ्ठी बांधली आणि वरवंटा एकटाच पट्ट्यावरून आत गेला. मी बाहेर उभ्या असलेल्या आईला फोन केला.

‘‘बसला का तो तुह्याजवळ?’’

‘‘बसला,’’ मी म्हणालो. काचेपलीकडे तिने हात हलवला. मला नव्हे, वरवंट्याला.

बर्गनच्या पट्ट्यावर माझी मोठी बॅग आली. सांडगे आले, पापड आले, तिखट आलं. वरवंटा आला नाही. तो मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर राहिला होता. हरवलेल्या सामानाच्या अर्जात विचारलं होतं: वस्तूचा रंग, वस्तूचा उपयोग. मी लिहिलं: ‘काळा. चटणी वाटणे आणि बाळाचे कल्याण.’ अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

बारशाला तीन दिवस होते. ते गेले, दगड आला नाही. बर्गनमधली चार मराठी कुटुंबं जमली. दुकानातून आणून मीच स्क्रू पिळून उभा केलेला पाळणा सजला. फोनवर आई, तेच नवं लुगडं नेसून, अकोल्यात बसली होती.

‘‘वरवंटा दाखव,’’ ती म्हणाली.

मग सांगावंच लागलं. पिशवी, जवान, काउंटर, ‘बसला’ म्हणून मारलेली थाप, सगळं. मधुरा, माझी बायको, माझ्याकडे असं बघत होती की हरवलेल्या सामानात आपणही असतो तर बरं, असं मला वाटलं.

‘‘इतकी वर्षं झाली, खोटं बोलता नाई आलं तुले अजून,’’ आई म्हणाली. ‘‘दुसरं टोपडं हाय का पोरीचं?’’

‘‘आहे.’’

‘‘मंग मोबाईलले घाल. वरवंटा नाई तं नाई, त्याची मालकीन तं हाय.’’

सासूबाई उठल्या. एरवी आईच्या बोलण्याने त्यांच्या पुणेरी कानांना ठेच लागते. त्यांनी फोनला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला, फक्त पडदा उघडा ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘‘कोणी गोविंद घ्या!’’ आई पाळण्यावरून पलीकडे गेली. मधुराच्या मैत्रिणीने खालून परत दिली. ‘‘हळू वो ईनबाई, चक्कर येऊन राहिली मले!’’ आई दुपट्यातून ओरडत होती. तिसऱ्या फेरीला सासूबाईंनी फोन रेवाच्या तोंडाशी थांबवला. रेवाने पडद्याला हात लावला आणि बोट तोंडात घातलं. आईचं ओरडणं बंद झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

वरवंटा पाच दिवसांनी आला. अंगावर चार देशांच्या चिठ्ठ्या, टोपडं जागच्या जागी. मी लगेच आईला फोन केला.

‘‘पोचला,’’ मी म्हणालो.

‘‘बरं. मंग आता परत कधी आनतो?’’

‘‘परत?’’

‘‘पाटा इथं एकटा पडला हाय. मी मिक्सरची चटणी खाऊन राहिली. वरवंटा काय तुले देऊन टाकला का मी? बारशापुरता दिला होता.’’

‘‘पण तुझा पासपोर्ट?’’

‘‘आला कालच. ठेवला कपाटात. मी येईन मंग सावकाश. आधी माहा वरवंटा.’’

बारा वर्षं मी सुट्ट्या मोजत, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत आलो. बाईने एकदाही ‘ये’ म्हटलं नाही, आणि आता साडेतीन किलोचा दगड माझ्या गळ्यात बांधून मोकळी झाली. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही तिला ऐकू गेलं असावं. त्याच आठवड्यात मी आम्हा तिघांची तिकिटं काढली आणि तिला कळवलं.

‘‘वरवंटा हातात आणू?’’ मी विचारलं.

‘‘हातात पोरगी आन,’’ आई म्हणाली. ‘‘तो टाक विमानाच्या पोटात.’’