लूम थांबले आणि जपमाळ अडली

मंडळी, दुपारची गंमत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

धामणकर नाक्याजवळ आमच्या चर्चमागे प्रार्थनेची छोटी खोली आहे. तिची भिंत पलीकडच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला चिकटलेली. दिवसभर खटाखट, खटाखट! आत 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती बघून मला रोज हसू येतं.

आज माझ्या धाकट्या बहिणीला सकाळपासून कळा येत होत्या. ती दवाखान्यात, म्हणून आम्ही बायका तिच्यासाठी जपमाळ म्हणायला बसलो. मधेच लाईट गेली आणि लूम बंद पडले. इतकी शांतता तिथे पहिल्यांदाच!

आणि आमची जपमाळच अडखळली. कोणी पुढे, कोणी मागे. मर्सी मावशी वैतागली, "अगं, ताल कुठं गेला?"

तेवढ्यात कारखान्यातले इस्माईलचाचा दारात आले. "क्या हुआ? मशीन बंद है, फिर भी आप लोगों की आवाज नहीं आ रही." मी बहिणीचं आणि हरवलेल्या तालाचं सांगितलं. चाचा उंबऱ्यावर टेकले आणि दारावर बोटांनी लूमचा ताल धरला. खटाखट, खटाखट. जपमाळ लागली की चालायला!

लाईट आली, चाचा कामावर पळाले, आणि माझा फोन वाजला. आवाजात धड ऐकू येईना, एवढंच कळलं की मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी भिंतीवर थाप मारून ओरडले, "चाचा, लडकी हुई!"

लूमच्या खडखडाटातून पलीकडून उत्तर आलं, "मुबारक!"

ती पाटी काढून टाकायची का हो?