खोकला नव्हे, ठसका

मधुमेह ग्वाल्हेरात घरोघरी आहे, पण तो मिरवावा आमच्या आतोबांनीच. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. त्यांच्या पणजोबांनी कधीकाळी दरबारात कारकुनी केली होती, आणि तेवढ्या भांडवलावर आतोबा अजून दाना ओलीच्या गल्लीतून दरबारी चालीने चालतात. साखरेच्या आजाराला ते 'राजरोग' म्हणत. "आपल्या घराण्यात सर्दी-पडसं होत नाही," ते मला सांगत, "होतो तर राजरोगच होतो." लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी ते इतक्या रुबाबात परत करत की वाढणाऱ्याला आपल्याला मधुमेह नसल्याची लाज वाटावी. त्याची पाठ वळली की मात्र शेजारच्या पानातली जिलबी उचलत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना खोकला लागला. म्हणजे आम्ही त्याला खोकला म्हणत होतो. त्यांच्या मते तो ठसका होता. खोकला हा आपला आजार, ठसका हा दुसऱ्याचा दोष, आणि इथे तो दोष आत्याच्या फोडणीचा होता. बिचारीने फोडणीच बंद केली. महिनाभर त्या घरात पांढरंफटक वरण आणि उकडलेल्या भाज्या सगळ्यांनी निमूट गिळल्या, आणि आतोबांचा ठसका होता तिथेच राहिला. "शेजाऱ्यांची फोडणी येते न खिडकीतून," असं म्हणून त्यांनी खिडकीही लावून घेतली. वजन उतरलं, ते संयमाचं फळ ठरलं. पायजम्याची नाडी किती आत ओढली जाते हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. संध्याकाळी अंग तापे, ती म्हणे रक्तातली गर्मी होती. "साठीनंतर इतकी गर्मी कोणात असते, मालूम आहे तुला?" मला मालूम नव्हतं.

तेवढ्यात इंदूरला माहेरी गेलेल्या त्यांच्या सुनेला मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतर बाळ-बाळंतीण ग्वाल्हेरला येणार होत्या. आतोबांनी पाळणा रंगवून घेतला आणि रिकाम्या पाळण्याला झोके देत ठसकत बसले. ते पाहून आत्याचा धीर सुटला. साखर तपासायच्या निमित्ताने आम्ही दोघांनी त्यांना दौलतगंजातल्या दवाखान्यात नेलं. साखरेने अंगातली ताकद कमी होते आणि क्षयाला आत शिरायला वाट मिळते, म्हणून तिथे साखरेच्या प्रत्येक रोग्याला हल्ली क्षयाचंही विचारतात.

"दादाजी, खाँसी है?" नर्सने विचारलं.

"नहीं. ठसका है."

"ठसक तो दिख रही है, दादाजी. खाँसी का बताइए."

हिंदीत ठसक म्हणजे तोरा. बाकावरचे सगळे हसले. आतोबांनी तोरा आणखी वर केला. तिने बेडका आणून द्यायला डबी पुढे केली, तर श्रीखंडाची वाटी परत करावी तशी आतोबांनी ती परत केली. "आमच्या घराण्यात चारचौघांत कोणी थुंकत नाही."

उभ्या जन्मात आवाज न चढवलेली आत्या तेव्हा म्हणाली, "चारचौघांत नका थुंकू. मग काय त्या तान्ह्या पोरीच्या तोंडावर खोकणार आहात? तसं असेल तर मी इंदूरला फोन करते, बाळाला आणू नका म्हणून."

आतोबा डबी घेऊन दवाखान्यामागे गेले.

क्षयच निघाला. त्या संध्याकाळी ते पाळण्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसले, आणि मला खरोखर भीती वाटली. शेवटी आत्या म्हणाली, "आमचे बाबा वैद्य होते. ते क्षयालाच राजरोग म्हणत. तुमचा इतक्या दिवसांचा खोटा होता, हा खरा."

आतोबांनी मान वर केली. "मला मालूम होतं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा "अरे, दरबारी रंग बघ!" म्हणून त्यांनी मला मोरीकडे हाक मारली. मी गेलो नाही.

आता धोका नाही असं डॉक्टर म्हणेपर्यंत बाळ इंदूरलाच राहिलं. आतोबा त्याला फोनवर बघत. मध्येच खोकला आला की फोनपासून तोंड फिरवून त्यावर पंचा धरत. कोणी हसलं नाही. पुढे औषध पुरं झालं, ते बरे झाले, आत्याची फोडणी पुन्हा तडतडायला लागली.

परवा गेलो होतो. नात आता बोलते. जेवताना ती खोकली, तशी आत्याने विचारलं, "खोकला झाला का गं?"

"खोकला नाई, थसका!" नात मान उडवून म्हणाली. कोणाचा शब्द कोणाकडे आला ते कळून आम्ही सगळे खो खो हसलो.

आतोबा हसले नाहीत. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीला कान लावला. "नाही बाळ," ते म्हणाले, "खोकल्याला खोकलाच म्हणायचं." त्या आवाजात दरबार कुठेच नव्हता, आणि मला एकदम त्या जुन्या तोऱ्याची आठवण आली. मग आत्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "उद्या हिला दाखवून आणू न?"