बिनविरोध मोडणारे मामा

आफ्रिकेत कुठंही मतदान असलं की आमच्या इंदापूर तालुक्यात एका माणसाचं अन्न तुटतं. तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. फौजेत असताना ते शांतिसेनेबरोबर काँगोत होते. तिथं एक म्हातारी दोन दिवस चालत येऊन भर उन्हात मतदानाच्या रांगेत उभी राहिलेली त्यांनी पाहिली, आणि तेव्हापासून अख्ख्या खंडाची लोकशाही जणू त्यांच्याच पहाऱ्यावर आहे. हातातला मोबाईल सुटत नाही, बूड खुर्चीला टेकत नाही. बारामतीतल्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते ओरडले, "लष्कर घुसलं! अध्यक्षाला धरलं!" वधूपिता एका पतसंस्थेचा अध्यक्ष होता, त्याच्या मुठीतल्या अक्षता तिथंच गळाल्या.

मागच्या ग्रामपंचायतीला गावानं नेहमीप्रमाणं सरपंच बिनविरोध करायचं ठरवलं. नाव मामांच्या सख्ख्या पुतण्याचं. बैठकीत पेढेही फिरले. मागं येरझारा घालणारे मामा एकदम थांबले. "तितं लोक गोळ्या खाऊन मत देत्यात, आन आमी पेढे खाऊन सोडून देतो व्हय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच अर्ज भरला.

पुतण्या रडकुंडीला आला. "तात्या, माझ्यावर राग हाय का?"

"न्हाय रं. तू चांगलाच हायस. पण तसं लोकांनी म्हणाय पायजे का न्हाय?"

हे त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे पुतण्याच्या बापाला, पटलं नाही. त्यानं बोलणंच टाकलं. मामा मात्र वाड्यावस्त्या पालथ्या घालत सुटले. भाषणात गावच्या गटाराला दोन वाक्यं, घाना-सेनेगलला अर्धा तास. मतं पडली एकोणीस. पुतण्याचा गुलाल त्यांच्या दारावरून गेला, तेव्हा मामा खिडकीशी उभे राहून नुसते गजावर बोटं वाजवत होते.

चार दिवसांनी मामा आणि मी उजनीच्या पाण्याकडेच्या वस्तीवरून जात होतो. मासे निवडत बसलेल्या एका आजीनं हाक मारली. "मामा, कितीक वर्सांनी आमच्या दारात कुणी मत मागाय आलं बगा. तुमी आलात म्हून तुमचा पुतण्याबी आला. बसला, पाणी पिला, नळाचं इचारून गेला."

"मग मत कुणाला दिलंत?" मामांना राहवेना.

"ते कुणी सांगतं व्हय?"

मामा मोठ्यांदा हसले. गावाच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "भावाकडं जाऊन येतो. पाव्हणं, येताय का संगं?"

भाऊ ओसरीवरच बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मग घरात तोंड करून म्हणाला, "तीन कप च्या टाका."