रायवळची काडी

"तू निसर्गाविरुद्ध आहेस," असं मला तोंडावर सांगणारा माणूस आज सकाळी गेला.

आणि मी महाप्याला ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून लहान पोरीसारखी रडले.

करुणाचे पप्पा. मी त्यांना काका म्हणायचे. आयुष्यभर चर्चमध्ये पाळक होते, रिटायर झाल्यावर कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे.

करुणा आणि मी एकत्र राहतो. रूममेट म्हणून नाही, जोडीदार म्हणून. इथे हे पहिल्यांदाच लिहितेय. ज्यांना टेन्शन येईल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा. आज भांडायची ताकद नाही.

करुणाने घरी सांगितलं तेव्हा काका ओरडले नाहीत. ओरडणाऱ्यातले ते नव्हतेच. मला म्हणाले, "तू निसर्गाविरुद्ध आहेस. हे मी नाही म्हणत, शास्त्रात आहे. ये रविवारी दुपारी, दाखवतो."

मी तळवलीची आगरी पोरगी. असं कोणी बोलावलं की आम्ही जातोच.

गेले.

बाल्कनीत खाडीचा वारा, काकांच्या मांडीवर ग्रीक भाषेतला नवा करार. काकूंनी चहा ठेवला आणि न बोलता आत गेल्या. त्या कायम तशाच जायच्या. त्यांच्या मनात काय आहे ते मला कधी कळलंच नाही.

काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा शब्द बघ. फुसिस. म्हणजे निसर्ग. आणि हे पारा फुसिन. निसर्गाच्या विरुद्ध. पौलाने रोमकरांच्या पत्रात लिहिलंय."

मी म्हटलं, "काका, मला ग्रीक काय कळतंय? हा शब्द आणखी कुठे कुठे येतो ते सांगा. सगळीकडे अर्थ एकच आहे का?"

खरं तर नुसता वाद लांबवायला विचारलं होतं. पण काका हट्टाला पेटले. पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या एका शब्दामागे फिरत राहिलो.

एका दुपारी सापडलं. पुरुषाने लांब केस ठेवणं लाजिरवाणं, हे फुसिसच शिकवतो, असं पौल दुसऱ्या एका पत्रात म्हणतो.

काकांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अगं, पण निसर्ग तर केस वाढवतो. कापतो तो न्हावी."

मी इतकी हसले की काकू आतून डोकावल्या.

"मग इथे निसर्ग म्हणजे काय, काका?"

"रीत असावी. त्या वेळच्या लोकांची."

"आणि आमच्याबद्दल लिहिलंय तिथे?"

"थांब. घाई करू नकोस."

आणि झोपले.

वाक्याच्या मध्येच डोळा लागायचा त्यांचा. जाग आली की तिथूनच पुढे बोलायला लागायचे. मीही खुर्चीत पेंगायचे. त्या सगळ्या दुपारी मला आता अर्ध्या झोपेतल्याच आठवतात. पडदा फुगतोय, खाली सोसायटीत भाजीवाला ओरडतोय, आणि काका डोळे मिटून फुसिस, फुसिस म्हणतायत. त्यातलं किती ते बोलले आणि किती मला स्वप्नात ऐकू आलं, देव जाणे.

पण पुढचं मी जागेपणी ऐकलंय. शंभर टक्के.

त्याच रोमकरांच्या पत्रात, बरंच पुढे, जैतुनाच्या झाडाचा दाखला आहे. देव रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या चांगल्या झाडावर लावतो. म्हणजे परक्यांना आपल्या माणसांत घेतो.

काका म्हणाले, "पौलाला बागकाम येत नव्हतं बघ. आपण कलम कसं करतो? खुंट रानटी रायवळ आंब्याचा, वर काडी हापूसची. याने उलटंच केलंय. हापूसच्या झाडावर रायवळची काडी!"

माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माझी तळवली बाहेर पडते.

"म्हंजे मी रायवल हाय? असं म्हनायचं हाय तुमाला?"

काका हसले नाहीत. पुस्तक नाकाशी धरलं.

"उलटं आहे हे त्यालाही माहीत आहे गं. त्यानेच लिहिलंय. हे काय. पारा फुसिन."

तेच दोन शब्द. माझ्यासाठी काढून ठेवलेले.

"आणि इथे ते कोण करतंय?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढला.

"देव."



मी म्हटलं, "आमच्यासारख्यांवरचं कायद्यातलं कलम कोर्टाने काढलं, काका."

"आणि देव कलम करतो," काका म्हणाले. "आता मी काय करू, तूच सांग."

सगळं पटलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. "त्या पहिल्या जागेचा अर्थ मला अजून लागत नाही," एवढंच म्हणायचे. खोटं बोलता यायचंच नाही त्यांना.

पण त्या दिवसापासून मला कधी नावाने हाक मारली नाही. "रायवल आली का? चहा टाका!" ळ नाही, ल. माझी नक्कल.

मला आईच्या दारातल्या रायवळची काडी आणायला लावली आणि कुंडीतल्या हापूसच्या रोपावर स्वतः पट्टी गुंडाळून बांधली. वाळली ती. "हे देवालाच जमतं," म्हणाले, आणि पुन्हा डोळा लागला.

आज संध्याकाळी दफन झालं.

प्रार्थना संपल्यावर पाळक म्हणाले, "घरच्यांनी माती द्यायला पुढे यावं."

करुणा आणि काकू पुढे गेल्या. मी मागे, बिल्डिंगवाल्यांच्यात उभी. चर्चची सगळी माणसं होती. करुणाने वळून पाहिलं. मी मान हलवली. नको बाई, आज तमाशा नको.

तेव्हा काकू थांबल्या. इतक्या वर्षांत आमच्याबद्दल एक अक्षर न बोललेल्या काकू. मुठीत माती तशीच.

सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाल्या,

"रायवल, तिथे काय उभी राहिलीस? घरच्यांना बोलावलंय ना!"

गेले. आम्ही तिघींनी माती दिली.

झोपा आता, पप्पा.

जाग आली की तिथूनच पुढे सांगा.

तुमची,
रायवल