जिवंत हाय का बघितलंस?

कुणीही कागद पुढे केला, की वाचायच्या आधी ते त्यावर पालथा हात ठेवायचे, पोराचा ताप बघावा तसा. मग विचारायचे, "जिवंत हाय का बघितलंस?"

कागद म्हणजे सरकारी परिपत्रक. आमच्या तालुक्याच्या कोर्टातले ते सगळ्यात जुने वकील. तुम्हीही पाहिलं असेल, सरकार एक आदेश काढतं, पुढे दुसरा काढून पहिला गुपचूप मोडीत काढतं, आणि आपण पहिलाच छातीशी धरून बसतो. म्हणून रोज सकाळी ते मला, त्यांच्या ज्युनिअरला, सरकारचं संकेतस्थळ उघडायला लावायचे. नवं काही निघालं, की चिठ्ठीवर लिहून कायद्याच्या पुस्तकात डिंकाने चिकटवायचे. पुस्तकं फुगून मिटेनाशी झाली होती. आम्ही त्यांना 'पोस्टमॉर्टेमवाले' म्हणायचो. तेही हसायचे.

बोर्ली पंचतनजवळच्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईचं किनाऱ्यालगतचं घर पाडायची नोटीस आली; तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मोजणी होईपर्यंत जुनी घरं पाडू नयेत, असं एक परिपत्रक होतं. तेवढाच आधार.

"खाला, कागद धडधाकट हाय," त्यांनी तिला सांगितलं.

सुनावणीच्या सकाळी त्यांनी सवयीने पुन्हा बघायला लावलं. आदल्या संध्याकाळीच नवं परिपत्रक निघालं होतं. आधीचं रद्द.

"सरकारी वकिलांनी पाहिलेलं नाही," मी हळूच म्हणालो. "आज स्थगिती घेऊन टाका."

"त्यांनी न्हाय बघितलं. मी बघितलंय ना."

आणि त्यांनी उठून स्वतःच न्यायाधीशांना सांगितलं. स्थगिती मिळाली नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो, आणि राग आला की त्यांची आठवण जास्तच येते.

घर पाडलं. शिमग्याच्या सुमाराला ते नवं परिपत्रकही रद्द झालं आणि जुनं पुन्हा लागू झालं. त्याची प्रत घेऊन ते खालाकडे निघाले, मीही गेलो. ती उघड्या जोत्यावर धड राहिलेली कौलं रचत होती.

"खाला, तो कागद जिवंत झाला."

"मग घर?"

ते खाली बसले आणि तिला एकेक कौल देऊ लागले.

त्यानंतर ते कोर्टात फारसे आले नाहीत. पावसाळ्यात गेलेच. त्यांची पुस्तकं आमच्या बाररूमच्या टेबलावर आहेत. शेवटची चिठ्ठी लिहिलेली आहे, चिकटवलेली नाही. पंखा लावला की उडते, मग कुणीतरी उचलून परत आत ठेवतं.

मागच्या आठवड्यात खाला आली होती. आता ती म्हसळ्याला लेकीकडे असते.

"वकीलसाहेबांचा तो कागद," तिने विचारलं, "अजून जिवंत हाय का?"

मी तपासलं. होता. तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि म्हसळ्याची एसटी किती वाजता आहे ते विचारून निघाली.