आधा घंटा

सुई टोचून झाली की तो माणूस एकच बोलायचा, "आधा घंटा।" म्हणजे बाकावर अर्धा तास बसायचं, हलायचं नाही. मोठा साहेब असो की कल्हईवाला, कुणाला सुटका नाही. महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या त्या दवाखान्यात त्याचं खरं नाव कुणी घेतच नसे. सगळे आधा घंटाच म्हणत. फौजेतून निवृत्त झालेला कंपाउंडर. मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा, हात मात्र हलका.

मी वर्ध्याकडचा, चौथी शिकलेला. तिकडे उत्तरेत, फौजेच्या छावणीतल्या स्टोअरात ओझी उचलायचो. सत्तरच्या पुढची वर्षं ती. होळीच्या आधी चिलबिलाची झाडं फुलायची. आपल्याकडे त्याला वावळ म्हणतात. पान एक नसायचं, पण त्याच्या फुलांनी आमच्या हिचा जीव घाबरा व्हायचा. वीस-वीस शिंका, मग छातीत शिट्टी, मग आडवं होणंच बंद.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "इनको पराग से तकलीफ़ है। पराग से दूर रखिए।"

आमच्या पोराचं नाव पराग. तीन वर्षांचा, तिच्या मांडीवरच बसला होता. हिने त्याला असा आवळला की तो रडायला लागला. "अहो, सांगा त्यांना, मेले तरी पोराला सोडणार नाही." मी डॉक्टरांवर धावलोच. आधा घंटा मधे पडला. खिडकीतली धूळ बोटावर घेऊन म्हणाला, "भाभीजी, फूल की धूल वाला पराग। ये शहज़ादा नहीं।" पुढे दर खेपेला विचारायचा, "हमारा बेक़सूर पराग कैसा है?"

मला समजेल असं त्यानेच सांगितलं. अंगात एक संतरी असतो. थम, कौन आता है, असं विचारायचं त्याचं काम. "भाभीजी का संतरी घबराया हुआ है। मेहमान आया, और उसने गोली चला दी।" शिंका, सूज, दमा सगळं त्या गोळीबाराचं. पराग बिचारा नुसता आला होता.

"मग काढून टाका त्या संतरीला," मी म्हणालो.

"और असली चोर आया तो? आप लड़ेंगे?" तो हसला. म्हणाला, अंगात हवालदारही असतो, संतरीचा हात धरून थांब म्हणणारा. त्याला तयार करायचं. म्हणून तोच पराग, अगदी पातळ करून, दर आठवड्याला एक थेंब, मग हळूहळू जास्त. ज्याने माणूस गुदमरतो तेच टोचायचं, हे मला पटलं नव्हतं. हिला पटलं. मुकाट्याने दंड पुढे करायची.

एका शनिवारी मला ड्यूटीची घाई होती. वीस मिनिटं झाली तसा मी हिला म्हणालो, "ऊठ. या म्हाताऱ्याला दुसरा धंदा नाही." तो दारात आडवा आला. "आधा घंटा।" मी त्याला ढकललं. हो, ढकललं. आता लपवून काय करू? पायरीवर पोचलो तोच ही म्हणाली, "अहो, तळहात खाजतात हो." बघता बघता ओठ सुजले, आवाज बसला. त्याने तिला तिथेच फरशीवर आडवी केली, मांडीत दुसरी सुई दिली, नाडी धरून बसला. मी खांबासारखा उभा. श्वास परतला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "आज एक घंटा।" बस्स, एवढंच.

त्यानंतर मीही बाकावर बसू लागलो. तो बाकापासून हलत नसे, चहासुद्धा उभ्यानेच घेई. एकदा विचारलं, तर म्हणाला, "फौज में एक जवान को सुई देकर मैं चाय पीने चला गया था।" आणि हिच्या नाडीवर परत बोट ठेवलं.

तिसऱ्या वर्षी चिलबिल फुलला आणि हिने गच्चीवर कुरडया घातल्या. शिंका आल्या, मोजून चार. तळलेल्या कुरडयांचा डबा घेऊन गेलो, तर म्हणतो, "भाभीजी, ये किस चिड़िया का घोंसला है?" आणि कुरुमकुरुम सगळा खाल्ला.

ऐंशीनंतर दवाखाना बंद झाला. तो कुठे गेला कळलं नाही. त्याला ढकललं होतं, त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

यंदा माघात ही गेली. दम्याने नाही, हृदयाने. चिलबिल अजून फुलायचा होता. इस्पितळाचे कागद झाले. पराग आता पन्नाशीचा. मराठी कळतं त्याला, बोलतो हिंदीच. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पापा, उठिए। अब यहाँ क्या है?"

मी तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर होतो. तिचा दंड धरला होता, सुईच्या जागी.

म्हटलं, "आधा घंटा."