भिंतीवरचा मुकुटवाला
काल चौकात नाटकाचं पोस्टर चिकटवत होते, खळीचा वास आला अन् बायको आठवली. तिले चित्रांचा भारी नाद. जुनी कॅलेंडरं, माचिसचे छाप, वडसा गावच्या नाटकांची पोस्टरं, सारं घराच्या भिंतीवर चिकटवायची अन् गावाले बोलावून दाखवायची. एकदा एका म्हातारीनं मुकुटवाल्या नटाले देव समजून फूल वाहिलं. मी हासलो, "अवो बाई, देव नोहे तो, नट आहे. बिड्या ओढते!" म्हातारी म्हणे, "ओढू दे. माह्याकडं पाहून तं राह्यला." बायकोचं सगळ्यात लाडकं पोस्टर ते. तिनं पाणी लावून हळूहळू सोडवलं अन् म्हातारीले देऊन टाकलं. मले म्हणाली, "घरात एकटी असते ना ते." बायको गेल्यापासून मी तिच्या चित्रांच्या भिंतीकडं तोंड करूनच जेवतो.